यादी मालमत्तेची करायची की धोक्यांची?

सुरक्षेची आखणी करताना सुरुवात कुठून करावी, या विषयावर वाचकांकडून पत्रं मागवली होती. आलेल्या बहुतेक पत्रांत पेच एकच आहे: आपल्याकडे मोलाचं काय आहे ते आधी पाहायचं, की कोण काय करू शकेल ते? पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तरं दिली आहेत, कारण बाकीच्यांच्या शंका बऱ्याचशा त्यांतच सामावल्या आहेत.

प्रश्न : ताई, आमची छोटी टीम एका रुग्णालयासाठी मोबाइल ॲप तयार करते आहे. रुग्णांनी भेटीची वेळ घ्यायची आणि तपासण्यांचे रिपोर्ट पाहायचे, एवढंच त्याचं काम. वरिष्ठांनी आधी ॲसेट रजिस्टर, म्हणजे मालमत्तेची यादी, भरायला सांगितलं. सर्व्हर, लॅपटॉप, डेटाबेस, राउटर, परवाने असं करत ते शीट इतकं वाढलं की आता कोणी उघडतही नाही. सहकारी म्हणतो, हे सगळं सोड आणि हॅकरसारखा विचार कर. मला तेही जमत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : शीट वाढलं याला तुमचा आळस कारणीभूत नाही. ॲसेटच्या एकाच रकान्यात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि हा गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक रजिस्टरमध्ये दिसतो. थ्रेट मॉडेलिंगवर, म्हणजे धोके आधीच ओळखून मांडण्याच्या पद्धतीवर, वर्षानुवर्षं काम केलेल्या ॲडम शोस्टॅक यांनी ही फोड नेमकी केली आहे. काही गोष्टी दुसऱ्याला हव्या असतात, उदाहरणार्थ रुग्णांचे रिपोर्ट, मोबाइल नंबर, पेमेंटचा तपशील. काही गोष्टी दुसऱ्याला हव्या असोत की नसोत, तुम्हाला जपायच्या असतात: वेळापत्रक चालू राहणं, रिपोर्ट बरोबर आहे हा डॉक्टरांचा विश्वास. आणि काही गोष्टींशी कोणालाच देणंघेणं नसतं, पण त्यांच्यावर पाय ठेवून पुढे जाता येतं. चाचणीसाठी उघडलेलं आणि बंद करायचं राहून गेलेलं खातं, ॲपची नवी आवृत्ती तयार करणारा बिल्ड सर्व्हर, कोपऱ्यातला प्रिंटर. तिन्हींना 'उच्च-मध्यम-कमी' ही एकच पट्टी लावली की हळूहळू सगळ्यांपुढे 'उच्च' येतं, आणि मग त्या शीटवरून काहीच ठरवता येत नाही.

सहकाऱ्याचा सल्लाही मला पटत नाही. ज्याने कधी घुसखोरी केली नाही त्याला हॅकरसारखा विचार करायला सांगितलं, की त्याच्या डोळ्यांसमोर अफाट हुशार आणि कुठेही शिरू शकणारा कोणीतरी उभा राहतो. अशा माणसापुढे टीम एक तर हात टेकते, नाहीतर दिसेल तिथे कुलूप लावत सुटते.

मी सगळ्यांना वाक्यांपासून सुरुवात करायला लावते. 'काय घडता कामा नये' अशी चार-सहा वाक्यं लिहा, आणि ती एकट्या टीमने न लिहिता रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर, नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्यांबरोबर लिहा. एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिसता कामा नये. रिपोर्टमधला आकडा प्रयोगशाळेतून डॉक्टरांपर्यंत येताना बदलता कामा नये. ओपीडी चालू असताना वेळापत्रक तासाभरापेक्षा जास्त बंद राहता कामा नये. रिपोर्ट कोणी उघडला याची नोंद पुसता येता कामा नये. यातली बहुतेक वाक्यं एकाच ॲसेटबद्दल, म्हणजे रिपोर्टबद्दल आहेत, तरी प्रत्येकातलं नुकसान वेगळं आहे आणि उपायही वेगळा. एन्क्रिप्शनने, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात ठेवल्याने, पहिल्या वाक्याला मदत होईल, तिसऱ्याला काडीचीही होणार नाही. रजिस्टरमध्ये 'रिपोर्ट : उच्च' एवढंच लिहिलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

मग आकृती काढा. फळ्यावर, कागदावर, कशीही चालेल. रुग्णाचा मोबाइल, तुमचा सर्व्हर, डेटाबेस, प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर, एसएमएस पाठवणारी कंपनी हे चौकोन, आणि त्यांच्यामधून माहिती जाते ते बाण. जिथे एकाच्या ताब्यातली माहिती दुसऱ्याच्या ताब्यात जाते तिथे तुटक रेघ मारा. ही रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणापाशी थांबा आणि सहा प्रश्न विचारा: इथे कोणी दुसऱ्याचं सोंग घेऊ शकेल का? मजकूर बदलू शकेल का? केलेलं नाकारू शकेल का? माहिती बाहेर फुटेल का? सेवा बंद पाडता येईल का? मिळालाय त्यापेक्षा जास्त अधिकार बळकावता येईल का? ही स्ट्राइड पद्धत. लोरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी १९९९ साली मायक्रोसॉफ्टमध्ये ती मांडली. हल्लेखोराच्या डोक्यात शिरायची गरज न लागता ती तुम्हाला त्याच्या वाटेवर नेऊन उभी करते, म्हणून नवख्या टीमला मी हीच सुचवते.

तुमच्या ॲपमधला एकच बाण घेऊन बघू. 'रिपोर्ट तयार झाला' हा संदेश रुग्णाला जातो आणि तो लिंक दाबून रिपोर्ट उघडतो.

समजा लिंकच्या शेवटी ४५१२० असा क्रमांक आहे. रुग्णाने तिथे ४५१२१ टाकलं तर? पुष्कळ ॲप्स इथे फक्त 'तू लॉग-इन केलं आहेस का?' एवढंच तपासतात. 'हा रिपोर्ट तुझा आहे का?' हे विचारायचं राहून जातं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या अशा त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत. क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक अक्षरं टाकली तर अंदाज बांधणं अवघड होतं, पण लिंक पुढे पाठवली गेली की ती अक्षरंही उघडी पडतात. मालकीची तपासणी सर्व्हरवर, दर वेळी, व्हायलाच हवी.

आता संदेशाच्या मजकुराकडे या. 'तुमच्या अमुक तपासणीचा रिपोर्ट तयार आहे' ही ओळ लॉक केलेल्या स्क्रीनवर झळकते. फोन टेबलावर पडलेला असतो. शेजारी बसलेली व्यक्ती ती वाचते आणि तपासणीचं नाव तिला कळतं. कुठलाही पासवर्ड फुटलेला नाही, सर्व्हरला धक्काही लागलेला नाही, तरी तुमचं पहिलं वाक्य मोडलं. एचआयव्हीची तपासणी किंवा गर्भधारणेची तपासणी घरच्यांपासून लपवणाऱ्या स्त्रीला त्या एका ओळीची काय किंमत मोजावी लागू शकते, याचा विचार तुमच्या टीमने थांबून करावा. इथला हल्लेखोर हॅकर नाही. त्याची एकच क्षमता आहे: तो त्याच खोलीत असतो. ओटीपीही त्याच फोनवर येतो, त्यामुळे फोन ज्याच्या हातात तोच ॲपच्या लेखी रुग्ण. त्यात एकाच नंबरावर घरातल्या चौघांची नोंदणी असेल तर चौघांचे रिपोर्ट एकाच ठिकाणी उघडतात. उपाय साधे आहेत. संदेशात 'नवीन सूचना आहे' एवढंच लिहा, संवेदनशील रिपोर्टांसाठी वेगळा पिन ठेवा, आणि रिपोर्ट ॲपवर पाठवायचा की फक्त हातात द्यायचा हे नोंदणीच्या वेळीच रुग्णाला एकांतात विचारा. शेवटचा उपाय सॉफ्टवेअरमधला नाही, पण तोही तुमच्या आराखड्यात यायला हवा.

दुसऱ्या टोकाचा बाण लोक विसरतात. प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर एका सामायिक फोल्डरमध्ये फाइल टाकतं आणि तुमचा सर्व्हर ती उचलतो, अशी रचना सर्रास असते. त्या फोल्डरमध्ये कोण कोण लिहू शकतं ते पाहा. मोबाइलच्या बाजूला चार कुलपं आणि इथे प्रयोगशाळेतला कोणताही संगणक आकडा बदलू शकतो, अशी परिस्थिती असेल तर दुसरं वाक्य कधीच धोक्यात आलेलं आहे.

रजिस्टर मात्र फेकू नका. त्याचं काम वेगळं आहे. २०१७ साली इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीतून चोर शिरले, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता, पण कंपनीच्या एका पोर्टलवर तो बसलाच नाही. 'हे सॉफ्टवेअर आपल्याकडे कुठे कुठे चालू आहे?' या प्रश्नाला तासाभरात उत्तर देता येणं, यासाठी रजिस्टर हवं. काय जपायचं याचा निर्णय त्याच्याकडून मागू नका.

प्रश्न : मी एका छोट्या संग्रहालयाची व्यवस्था पाहतो. आमच्याकडे एक वस्तू बाकी सगळ्यांपेक्षा फार मौल्यवान आहे. मिळालेल्या निधीतून तिच्यासाठी जाड काचेचं शोकेस घ्यावं असा विश्वस्तांचा विचार आहे. मौल्यवान वस्तूभोवती जास्त सुरक्षा, हे तत्त्व बरोबर आहे ना?

उत्तर : अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी बोस्टनमधल्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाकडे पाहू. १८ मार्च १९९० च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांच्या वेशातले दोघे दारात आले आणि रखवालदाराने त्यांना आत घेतलं. मदत मागवायचं बटण त्याच्या टेबलापाशीच होतं. चोरांनी बोलण्यात गुंतवून त्याला टेबलापासून दूर आणलं आणि बांधून टाकलं. पुढची ८१ मिनिटं संग्रहालय त्यांचं होतं. रेम्ब्राँ आणि व्हर्मीरची चित्रं गेली, एकूण तेरा वस्तू गेल्या. पण त्या तेरांत नेपोलियनच्या काळातल्या झेंड्याच्या काठीवरचा एक धातूचा गरुडही होता, आणि तिशियनचं 'युरोपा', जे त्या संग्रहातलं सर्वांत मौल्यवान चित्र समजलं जातं, ते जागेवरच राहिलं. मालक ज्याला पहिला क्रमांक देतो त्यालाच चोरही देईल, असं धरून चालता येत नाही. शिवाय हालचाल टिपणारी यंत्रणा त्या रात्री नीट चालू होती आणि चोर कोणत्या दालनात कधी फिरले हे तिने नोंदवलं. ते कळायला हवं होतं त्या माणसापर्यंत ते पोचायची सोय नव्हती.

म्हणून शोकेसची चर्चा करण्याआधी घड्याळ घेऊन बसा. अणुकेंद्रांच्या संरक्षणाची आखणी करणारे लोक ज्या हिशेबाने काम करतात तोच तुम्हाला उपयोगी पडेल: चोरी कधी लक्षात येते, लक्षात आल्यावर चोराला अजून किती वेळ लागतो, आणि मदत किती वेळात पोचते.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. शिडी लावून खिडकीपर्यंत यायला दोन मिनिटं, खिडकी फोडायला एक, आत चालत जायला अर्धं, शोकेस फोडायला तीन, वस्तू घेऊन निसटायला दीड. एकूण आठ मिनिटं. मदत पोचायला सहा मिनिटं लागतात. सेन्सर फक्त शोकेसवर असेल तर घंटा वाजल्यावर चोराला साडेचार मिनिटंच लागतात. तो गेलेला असतो. सेन्सर खिडकीवर असेल तर बरोबर सहा मिनिटं उरतात, म्हणजे नशिबावर हवाला. बाहेरच्या भिंतीपाशी असेल तर आठ, म्हणजे दोन मिनिटं हातात. काच दुप्पट टिकाऊ केली आणि सेन्सर शोकेसवरच ठेवला तर साडेसात, दीड मिनिट हातात. तेव्हा विश्वस्तांची कल्पना वाया जाणारी नाही. पण सेन्सर बाहेर सरकवल्याने तेवढंच किंवा जास्त साधतं, आणि त्याचा फायदा एका वस्तूला न मिळता सगळ्या दालनाला मिळतो. बाहेरच्या सेन्सरची अडचण म्हणजे पाऊस, पक्षी, हलणाऱ्या फांद्या यांनी तो खोटा वाजतो, आणि दहा वेळा खोटी वाजलेली घंटा अकराव्यांदा कोणी मनावर घेत नाही. म्हणून त्या सेन्सरजवळ कॅमेरा हवा आणि घंटा वाजली की त्या कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस हवा.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी पॅरिसच्या लूव्रमध्ये नेमकं हेच घड्याळ चाललं. सकाळी, संग्रहालय उघडं असताना, ट्रकवरच्या शिडीसारख्या लिफ्टने चोर पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत चढले, खिडकी कापून आत गेले आणि चार मिनिटांच्या आत आठ दागिने घेऊन उतरले. त्या बाजूला बाहेर असलेल्या एकमेव कॅमेऱ्याचं तोंड बाल्कनीकडे नव्हतं, असं संग्रहालयाच्या संचालिकेनेच फ्रान्सच्या सिनेटपुढे सांगितलं. घंटा वाजल्या, पण चोर आत शिरल्यावर. त्यानंतरच्या वेळात काचा टिकल्या तेवढ्या टिकल्या.

आणि लंडनमधल्या हॅटन गार्डनच्या तिजोरीघरात, २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत, विलंबाची बाजू भक्कम होती. अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला पहिल्या रात्री भोक पडलं, पण पलीकडचं कपाट हललं नाही, म्हणून चोर परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पहिल्याच रात्री अलार्मचा संदेश गेला होता. एक सुरक्षारक्षक येऊन बाहेरून पाहून गेला, आणि पोलिसांनी अलार्म कंपनीच्या फोनला जी श्रेणी दिली तिच्यात कोणाला पाठवायची गरज नव्हती. भिंत जितकी जाड, तितका वेळ तुम्ही कोणासाठी तरी विकत घेत असता. तो कोणीतरी निघालाच नाही तर ती जाडी चोराला नुसती उशीर करते.

आता हिशेबातला धोका बदलून पाहा. चोराऐवजी वस्तूचं नुकसान करायला आलेला माणूस समजा. त्याला निसटायची घाई नाही, त्यामुळे शेवटचं दीड मिनिट तुमच्या बाजूने मोजता येत नाही. मदत काच फुटायच्या आधी पोचली पाहिजे. रात्री भिंतीवरच्या सेन्सरने जेमतेम अर्धं मिनिट हातात राहतं. पण हा माणूस रात्री कशाला येईल? तो दुपारी तिकीट काढून येतो आणि थेट शोकेससमोर उभा राहतो. तिथे भिंतीचा सेन्सर, खिडकी, शिडी यांचा काहीच संबंध नाही. उरते फक्त काच, आणि दालनात उभा असलेला कर्मचारी. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोन तरुण आंदोलकांनी व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुलां'वर डब्यातलं सूप फेकलं. चित्रावर काच होती म्हणून चित्र वाचलं. तेव्हा जाड काच तुमच्याकडे हवीच, फक्त ती कोणत्या धोक्यासाठी घेतो आहोत हे विश्वस्तांनी ठरवून घ्यावं. नुकसान टाळायला असेल तर ती चांगली खरेदी आहे, आणि मग ती एकाच वस्तूपुरती का, हा प्रश्नही लगेच येईल. चोरी टाळायला असेल तर निम्मा निधी बाहेरच्या बाजूला आणि घंटेचा माग ठेवणाऱ्या माणसाकडे वळवा. आणि वेशधारी पोलिसाला दार उघडायचं की नाही, याचा लेखी नियम तर फुकट मिळतो. तो आजच करा.

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. आमच्यावर हल्ला करून कोणाला काय मिळणार, असं आमचे संचालक म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांना दोन उदाहरणं सांगा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला तेव्हा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या एक तृतीयांशाहून जास्त ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना, त्याचा फटका बसला, शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द झाल्या. रुग्णालयांना कोणी निवडून लक्ष्य केलं नव्हतं. आपोआप पसरणारा तो प्रोग्रॅम ज्या विंडोज संगणकाला पॅच नव्हता त्यात शिरत होता. पॅच मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. 'आमच्याकडे काय आहे' याने तुम्ही अशा हल्ल्यातून सुटत नाही.

दुसरं उदाहरण टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीचं. २०१३ च्या अखेरीला तिच्याकडून सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. चोर आत आले ते शीतकरण आणि वातानुकूलनाचं काम करणाऱ्या एका पुरवठादाराच्या लॉग-इनवरून. त्या पुरवठादारालाही वाटलं असेल की आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही. त्याच्याकडे दुसऱ्याच्या घरची किल्ली होती. तुमच्या संचालकांना विचारा, आपल्याकडे कोणाच्या किल्ल्या आहेत? मोठ्या ग्राहकाच्या पोर्टलचं लॉग-इन, बँकेत सूचना पाठवायचा अधिकार, दुसऱ्यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती. लहान संस्थेचं ॲसेट रजिस्टर मी तरी इथूनच सुरू करते.

प्रश्न : मी माहिती सुरक्षेचा विद्यार्थी आहे. स्ट्राइड, ड्रेड, पास्ता, ऑक्टेव्ह, अटॅक ट्री... यांतली सर्वांत चांगली पद्धत कोणती?

उत्तर : नावांनी दडपून जाऊ नका. प्रत्येक पद्धत वेगळ्या टोकाला धरते. ऑक्टेव्ह कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधली, आणि तिचा भर संस्थेच्या मोलाच्या माहितीवर. तिच्या अलेग्रो या आवृत्तीतली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते: माहिती कुठे कुठे राहते हे शोधताना ती यंत्रं, कागद आणि माणसं तिन्ही धरते. महत्त्वाची गोष्ट फक्त एका कर्मचाऱ्याच्या डोक्यात असेल तर तीही एक साठवणच. पास्ता सात टप्प्यांची आहे आणि धंद्याच्या उद्दिष्टांपासून निघून हल्ल्यांपर्यंत येते. मोठ्या संस्थेला झेपते, चार जणांच्या टीमला जड जाते. स्ट्राइडबद्दल वर लिहिलंच आहे.

अटॅक ट्री सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९९ मध्ये लोकप्रिय केलं. मुळाशी हल्लेखोराचं उद्दिष्ट लिहायचं आणि तिथवर जायच्या वाटा फांद्यांसारख्या खाली काढायच्या. मी ते सगळ्या यंत्रणेसाठी काढत नाही. 'काय घडता कामा नये' यातल्या सर्वांत भीतीदायक एका वाक्यासाठी काढते. असं केलं की दहा फांद्यांपैकी सहा एकाच जागेतून जातात असं बऱ्याचदा दिसतं, उदाहरणार्थ पासवर्ड बदलून देणारा मदतकक्ष. पैसे तिथे खर्च करायचे.

ड्रेडवर वेळ घालवू नका. पाच निकषांना आकडे देऊन सरासरी काढायची ती पद्धत मायक्रोसॉफ्टनेच पुढे बाजूला ठेवली, कारण एकाच धोक्याला दोन जाणकार दोन टोकांचे आकडे देत. आकडा दिसला की वाद थांबतो, आणि इथे वाद थांबणं घातक असतं.

प्रश्न : मी निवृत्त झालो त्या क्षेत्रात कोणत्या ताकदीच्या शत्रूसाठी संरक्षण उभारायचं हे लेखी ठरलेलं असे. बाकीच्या क्षेत्रांत असं का नसतं?

उत्तर : आपण अणुऊर्जेच्या किंवा तशाच क्षेत्रातून लिहीत असावात. आपण म्हणता ती 'डिझाइन बेसिस थ्रेट'ची पद्धत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात ती आहे: बाहेरचे किती जण, कोणती साधनं, आतला माणूस सामील आहे का, हे आधी लिहायचं आणि त्याच्यासमोर संरक्षण टिकतं का ते तपासायचं. ती सगळीकडे यावी असं मला मनापासून वाटतं. तिचं सर्वांत मोठं मोल म्हणजे आपण कोणासाठी तयारी केलेली नाही हेही कागदावर येतं, आणि त्या उरलेल्या जोखमीखाली कोणाला तरी सही करावी लागते. बाकीच्या क्षेत्रांत ती सही कोणालाच नको असते, म्हणून कागदही नसतो.

हा कागद लिहिणाऱ्यांना माझ्या दोन विनंत्या. शत्रूला आपली रचना माहीत आहे असं धरा. डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी सांकेतिक लिपींबद्दल हेच सांगितलं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. आणि आतल्या माणसाबद्दल लिहिताना रागावलेल्या कर्मचाऱ्यावर थांबू नका. कोणी धमकावल्यामुळे, कर्जामुळे, किंवा नुसता पासवर्ड फसवून काढून घेतला गेल्यामुळेही प्रामाणिक माणूस शत्रूच्या बाजूने वापरला जातो. त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी हवी आणि उपायही. ज्या धोक्याची कल्पनाच आली नाही त्याच्यासाठी सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांची १९७५ मधली तत्त्वं अजून उपयोगी आहेत. कामापुरताच अधिकार द्या, आणि स्पष्ट परवानगी नसेल तर नकार हाच नियम ठेवा. हल्लेखोर कोणीही असो, त्याच्या हाती लागेल ते कमी राहतं.

प्रश्न : आराखडा एकदा झाला की वर्षातून एकदा तपासला तर पुरे का?

उत्तर : तारखेला बांधून घेऊ नका. आकृतीत नवा बाण आला की त्या दिवशी तेवढा भाग तपासा. नवा पुरवठादार, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी केलेलं नवं इंटिग्रेशन, घरून काम करायची परवानगी, जुनी यंत्रणा बंद करताना तात्पुरती ठेवलेली जोडणी हे सगळे नवे बाण आहेत. एखादी व्यक्ती नोकरी सोडते तेव्हा तिच्या हातातले बाण कोणाकडे गेले ते पाहा. दुसऱ्या कुठल्या संस्थेत मोठी घटना घडली की तीच वाट आपल्या आकृतीवर बोटाने फिरवून बघा, कुठे अडते ते. वर्षाची तपासणी करायचीच असेल तर ती 'काय घडता कामा नये' या वाक्यांची करा, आणि त्या बैठकीला वाक्यं लिहिताना नसलेल्या एका तरी माणसाला बोलवा.